चार खाचा

डावा खांदा कानापर्यंत जात नाही.
बावीस वर्षं टपालाची पिशवी
त्यानं वाहिली, आणि तिनं त्याला खाल्लं.
पाय मात्र तिनंच राखले.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वल्हं विसरा,
पायांनी चालणारं काहीतरी बघा.

म्हणून मार्चभर मी होड्या बघतेय.
बाहेर लेक ईरीवर अजून बर्फाचे पापुद्रे,
आत जेवणाच्या टेबलावर
लांबी, रुंदी, वजन, किंमत
आणि वजाबाकीत उरणारी मी.

हायवेवरच्या दुकानात कोडी नावाचा पोरगा
एका दमात सांगतो:
हिला पंखा, पेडल गोल, सायकलसारखं,
उलटे पाय मारले की मागे येते.
तिला कल्ले, पाय पुढेमागे ढकलायचे,
उथळात पोटाशी घडी घालून बसतात.
हिच्यात तर उभं राहता येतं, मॅम,
नाचतासुद्धा येईल.
मी म्हटलं, मला बसून राहायचंय.

माझी आई देवगडच्या बाजारात बसायची.
गिऱ्हाइकाला स्वतःच दटावायची,
कल्ला उघडून बघ गो,
माझ्या तोंडाकडे काय बघतंस?
जन्मभर मासे विकले तिनं,
होडीत पाय ठेवला नाही.
कुणी अडवलं नव्हतं.
कुणी बस म्हटलं नव्हतं.

मी कोडीला म्हटलं, पालथी कर.
चौतीसशे डॉलरची होडी
त्यानं बिचाऱ्यानं पालथी केली.
मी पोटावर टिचक्या मारल्या,
सुकाणूची दोरी ओढून पाहिली,
मग एक टोक उचललं.
चोपन्न किलो.
खांद्यानं तिथल्या तिथे उत्तर दिलं.
चाकं मिळतात, कोडी म्हणाला,
वेगळी.

एप्रिलात डोलोरेस व्हारगांचा फोन आला.
त्यांच्या दारात मी नऊ वर्षं टपाल टाकलं,
अर्नींचे कॅटलॉग, गळांचे, रिळांचे, होड्यांचे.
पावसात भिजू नयेत म्हणून
मी ते बिलांच्या मध्ये सरकवायची.
बिलं भिजली तर कुणाचं काय जातंय.
"तू अजून शोधतेयस का?"

गॅरेजमध्ये शेवाळी रंगाची, पंख्याची.
पोटावर ओरखडे, पण खोल नाहीत.
झाकण उघडलं तर आत
एक हातमोजा, पेपरमिंटची अर्धी गुंडाळी,
आणि टपालाचंच रबरबँड, माझं.
मी म्हटलं, नऊशे.
ती म्हणाली, सहाशे.
मी म्हटलं, नऊशे.
आईला हा सौदा कळला नसता.

मग मी बसले, तिथेच, फरशीवर.
पाय पेडलला पोचेनात.
सीटखाली पट्टी, पट्टीवर आकडे.
अर्नी सातवर होते.
खटका दाबायचा, सरकायचं, पुन्हा खटका.
तीनवर माझे गुडघे नीट वाकले.

"चार खाचा," डोलोरेस म्हणाली.
फ्रीजरवर टेकून ती मोजत होती.
"मी एकदाच बसले होते तिच्यात.
मला पाच लागल्या होत्या."
मग चाकं काढून दिली,
त्याचे पैसे घेतले नाहीत.

मे महिन्यात, दीपगृहाच्या अलीकडे,
पाय आपले चालताहेत, रोजचं टपाल असल्यासारखे,
आणि हातांना काम नाही.
गळ टाकून झाला, टोपी नीट करून झाली,
तरी हात उरलेच.
मांडीवर ठेवले. जड वाटले.

पंख्यात गवत गुंतलं.
उलटे पाय मारले, सुटलं.
कोडी एवढं खरं बोलला होता.

संध्याकाळी डोलोरेसला कळवलं,
काही मिळालं नाही.
तिचं उत्तर आलं,
अर्नीही हेच सांगायचा,
आणि मग डिकी उघडायचा.

मी पार्किंगमध्ये थोडा वेळ उभी राहिले.
डिकी उघडून बघितली.
ओली चाकं, टॉवेल,
आणि वाळू.